एकात एक न बसणारी भांडी

शांत माणसांकडे किस्से नसतात. दुकानदाराने वाईट भांडं गळ्यात मारलं तर ती गुपचूप परत करतात, नाहीतर तेच वापरतात आणि विसरून जातात. माझं तसं नाही. मी दुकानात भांडते, घरी येऊन तेच भांडण सुनेला ऐकवते, मग जिन्यात जो कुणी भेटेल त्याला. दोन-चार वेळा सांगितलं की भांडणाचा किस्सा होतो. डोंबिवलीत घरबसल्या केक करायला लागून मला इतकी वर्षं झाली, की आता केकपेक्षा किस्से जास्त साठलेत. आणि त्यातले निम्मे तरी एकाच गोष्टीवरून झालेले आहेत. केकचं भांडं किती खोल हवं, यावरून.

हसू नका. ज्याला मजल्यांचा केक करायचाय त्याची अर्धी अब्रू त्या भांड्यात असते. मी कुठल्या क्लासला गेलेली नाही. कुकरमध्ये वाळू घालून, करपवून, फेकून, पुन्हा घालून शिकले. जे येतं ते माझं स्वतःचं आहे, आणि त्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेत नाही.

*

कल्याणला बेकिंगच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथे मी आठ इंच रुंदीचा खोल टीन मागितला. काउंटरवरच्या माणसाने एक काढून समोर ठेवला.

"घ्या आजी. चार इंच खोल."

"असाच अजून एक द्या."

तो खूश झाला. गिऱ्हाईक मोठं दिसतंय असं वाटलं असणार. मी दुसरा टीन पहिल्यात सोडला. सर्रकन आत गेला आणि फक्त काठ वर राहिला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काय आहे?"

"एकाच मापाचे दोन टीन एकात एक बसतात. म्हणजे तोंड रुंद, बूड अरुंद. याला आमच्यात पातेलं म्हणतात. यातला केक उलटा केला की टोपी होते. त्या टोपीवर दुसरी टोपी ठेवून मजले कसे चढवायचे? आणि चार इंच कुठून मोजलेत, तिरक्या भिंतीवरून?"

"आजी, क्रीम भरलं की सगळं सरळ होतं. अख्खं कल्याण हेच नेतं."

"गवंडीही हेच म्हणतो. भिंत वाकडी असू दे, वरून प्लास्टर मारू."

मागे उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. तो चिडला. स्वतः शिडी लावून माळ्यावरून जुने टीन काढून आणले. सरळ भिंतीचे, जाड, धूळ खात पडलेले. कुणी नेत नव्हतं, कारण ते एकात एक जात नाहीत आणि दुकानात जागा खातात. मी होते तेवढे सगळे उचलले.

"परत घेणार नाही हं," तो म्हणाला.

"मागितले तर देणार नाही," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला गेले तर काउंटरवर नवी पाटी होती: 'भांडी एकात एक घालून पाहू नयेत.' मी पाटी वाचली. चष्मा पुसून परत एकदा वाचली. मग दोन टीन उचलले आणि पाटीच्या समोरच एकात एक घालून पाहिले.

*

ते सगळे टीन घरी आले तेव्हा खरी मजा सुरू झाली. आमचं घर म्हणजे वन बीएचके. मी, मुलगा, सून मृणाल आणि त्यांचा पोरगा. मृणाल आधी ठाण्याला एका ऑफिसात होती. पोरगा झाल्यावर सोडलं आणि माझ्याबरोबर केकमध्ये उतरली. फोन, फोटो, ऑर्डरी तिच्याकडे. ओव्हन माझ्याकडे.

सरळ भिंतीचे टीन रचून ठेवता येत नाहीत. दिवाणात भरले, माळ्यावर चढवले, तरी उरले. उरलेले चपलांच्या कपाटात गेले. मृणालची आई आली आणि दारातच चप्पल हातात धरून उभी राहिली. ठेवू कुठे, कळेना.

मृणाल मला म्हणाली, "आई, या घरात माणसं राहतात की टीन?"

"माणसं एकात एक बसतात," मी म्हणाले, "टीन बसत नाहीत."

तिच्या आईला हसू आलं. मृणालला नाही आलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, मी टीन मोजण्यात गुंतले होते.

आता एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. माझं उजवं मनगट मोडलं होतं. जुळलं, पण भरलेला टीन उचलला की कळ थेट खांद्यात जाते. म्हणजे हे काम आता मृणालकडे जाणार, हे घरात सगळ्यांना कळलेलं होतं, बोलत कुणी नव्हतं. माझ्या डोक्यात एकच किडा होता. हिच्याकडे माझं काम जाणार, की माझ्या कामाचं नुसतं खोकं?

*

आमच्या वरच्या मजल्यावरची वैशाली माझ्याकडे शिकायला यायची. खोल टीनची गंमत अशी की कडा आधी शिजतात आणि मधला भाग मागे राहतो. मग वर डोंगर येतो, डोंगराला भेग पडते आणि आतमध्ये चिखल. त्यावर माझा उपाय साडीचा फॉल. सुती फॉल ओला करायचा, पिळायचा आणि टीनला बाहेरून गुंडाळून सेफ्टी पिन लावायची. कडा थंड राहतात, केक सपाट फुगतो. बाजारात यासाठी परदेशी पट्ट्या मिळतात म्हणे. मिळू देत. फॉलची रुंदी टीनच्या उंचीसाठीच विणल्यासारखी असते.

वैशालीला हे सगळं दाखवलं. तिने मान डोलावली. घरी गेली, केक लावला आणि दुपारी डोळे मिटून पडली.

जळका वास सुटला. आता डोंबिवलीत वास सुटला की कुणी आपल्या स्वयंपाकघरात बघत नाही. आधी खिडक्या लावतात. धडाधड खिडक्या लागल्या. सोसायटीच्या ग्रुपवर सुरू झालं, 'आज कुठल्या केमिकल कंपनीने गॅस सोडलाय?' कुणी डोळे चुरचुरतात म्हणालं, कुणी आपण सह्यांची मोहीम काढू म्हणालं. सगळ्यात कडक मेसेज वैशालीच्या नवऱ्याचा होता. आमच्या मुलांनी श्वास घ्यायचा की नाही, वगैरे. माणूस हॉलमध्ये बसून टाइप करत होता आणि दहा पावलांवर त्याचा स्वतःचा ओव्हन धूर ओकत होता.

मी वर गेले, ओव्हन बंद केला. टीनला गुलाबी डांबरासारखं काहीतरी चिकटलं होतं.

"कसला फॉल लावलास गं?"

"पॉलिस्टरचा, काकू."

"मी सुती म्हटलं होतं."

"हो, पण सुतीमध्ये गुलाबी नव्हता ना." रडवेली झाली होती बिचारी. "केक गुलाबी होता. म्हणून मॅचिंग घेतला."

*

ठाण्याला कोपरीत माझी धाकटी बहीण राहते, शालन. तिच्या ओळखीतल्या एका रिसेप्शनला आम्ही दोघी गेलो होतो. स्टेजवर पाच मजली केक. लोकांची नजर नवरीच्या दागिन्यांवर, माझी केकच्या कडांवर. कडा इतक्या धारदार की मला हेवा वाटला. हो, वाटला. कुठला टीन वापरला असेल, किती खोल असेल, मी मनात माप लावत बसले.

शेवटी राहवेना. स्टेजच्या मागून गेले आणि वाढप्याला म्हणाले, "बाबा, मला खालच्या थरातला तुकडा दे."

"आजी, तो दाखवायचा आहे."

"दाखवून झाला. आता दे."

तो इकडेतिकडे बघायला लागला. मी हातातला काटा खालच्या थरात खुपसला. केकमधून कर्रर्र असा आवाज आला. अंगावर शहारा आला माझ्या. थर्माकोल! गणपतीच्या मखरातून हाकलला, तो इथे येऊन शिरला होता, वर आयसिंग लावून.

शालनने माझा पदर ओढला. "ताई, आपण जेवायला आलोय."

नवऱ्या मुलाचे वडील धावत आले. सभ्य माणूस. हात जोडून म्हणाले, "काकू, खरा केक आत किचनमध्ये आहे. ट्रेमध्ये. चौकोनी आहे. आत्ता मागवतो."

"आणि लग्न?" मी विचारलं. "तेही खरं आत किचनमध्येच लावलंत का?"

शालनने मला आइस्क्रीमसुद्धा खाऊ दिलं नाही. तडक घरी.

*

तोच थर्माकोल एक दिवस माझ्या दारात आला. आणणारा निनाद, लग्न-वाढदिवसांचे इव्हेंट करतो. कानात काहीतरी घातलेलं, त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की कानाशी, ते कळत नाही. मानपाड्याच्या एका जमीनदार शेठच्या मुलीचा पहिला वाढदिवस. गावजेवण, लॉन, स्टेज. चार मजली केक हवा. ऑर्डर मृणालच्या नावावर. तिची स्वतःची अशी ही पहिली मोठी ऑर्डर.

"काकू, टेन्शन नाही," निनाद म्हणाला. "खालचे तीन डमी. मी आणलेत, टेम्पोत आहेत. वरचा एक खरा. गावाला ट्रेमधला वाटायचा."

"शेठना माहीत आहे?"

"काकू, ट्रेंड आहे."

"मी काय विचारलं?"

"त्यांना लुक हवाय."

मी त्याला म्हटलं, तुझे डमी घेऊन तूच स्टेजवर उभा राहा, लुक चांगला येईल. पण तेवढ्यात मृणालने दार पूर्ण उघडलं आणि म्हणाली, "आत ठेव." थर्माकोलच्या तीन पांढऱ्या चकत्या माझ्या हॉलमध्ये आल्या आणि दिवाणावर बसल्या, पाहुण्यांसारख्या.

निनाद गेल्यावर मी जे बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. लबाडी म्हणाले. तिच्या आईवडिलांपर्यंत पोचले, ते नको होतं. मृणाल ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, तुमचा हात चालत नाही. टीन उचलणार मी, मजले चढवणार मी, मानपाड्याच्या त्या खड्ड्यांतून टेम्पोत केक धरून बसणार मी. खालचा थर मध्ये कच्चा राहिला आणि वरचे तीन घेऊन खचला, तर चारशे माणसांत नाव कुणाचं जाणार? तुमचं नाही. माझं."

"मग करूच नकोस."

"करणार. कसा ते मी ठरवणार. एकदा तरी मला ठरवू द्या."

बोलताना तिचा आवाज चढला नाही, हेच मला जास्त लागलं. चढला असता तर मला भांडायला जागा मिळाली असती. मी पिशवीत दोन साड्या टाकल्या आणि कोपरीला निघून गेले.

*

शालनकडे मी तोंड फुगवून बसले होते. फोन आला तरी घेतला नाही. पण नुसतं बसवत नाही मला. तिच्या स्वयंपाकघरात गेले आणि एकेक डबा, पातेलं काढून भिंत सरळ आहे का बघायला लागले.

"ताई, रुसून आली आहेस ना?" शालन दारातून म्हणाली. "मग नीट रुस. माझी भांडी कशाला तपासतेस?"

"तुझी साखरेची बरणी छान आहे. सरळ आहे."

"सून वाकडी निघाली म्हणून बरणीचं कौतुक?"

मी बरणी परत जागेवर ठेवली. तिने चहा समोर ठेवला. "मला एक सांग. तिने केक खोटा केला, तर तू काय करणार?"

"चार लोकांत सांगणार. शेठच्या आईने मला स्वतः फोन करून बोलावलंय. जाणार आणि स्टेजवर उभी राहून सांगणार, हा केक खोटा आहे."

"आणि खरा केला असेल तर?"

"करणार नाही. चकत्या दिवाणावर बसवून ठेवल्यात तिने."

"चल मग," शालन म्हणाली, "मी पण येते. तुला ओढायला कुणीतरी लागेल."

*

मानपाड्याचं लॉन माणसांनी भरलं होतं. भाऊबंद, सोयरे, अख्खं गाव. फुग्यांची कमान, त्याखाली टेबल आणि टेबलावर तो केक. चार मजले. फिका पिवळा. कडा अशा की पट्टी लावून घ्यावी.

माझं डोकं तिथेच फिरलं. हाताने केलेला केक इतका सरळ कधी येतो? रिसेप्शनला बघितला होता तसाच. मी शालनचा हात सोडवला आणि स्टेजच्या पायऱ्या चढले. मृणाल एका बाजूला एप्रन घालून उभी होती. डोळ्यांखाली काळं आलेलं. मला बघितलं, पण हलली नाही. निनाद मध्ये आला. "काकू, हात नका लावू हं, प्लीज."

"ताई, तुमी आलाव, बरा झाला." शेठची आई, लुगडं नेसलेली, नाकात मोठी नथ, कडेवर नात. तिने मला ओढून आपल्या शेजारी उभं केलं.

बाळाच्या आईच्या हातात सुरी दिली. निनादने माइक घेतला. "मॅडम, वरच्या थरावर, अगदी वर. फोटोग्राफर रेडी? कुणीतरी स्टूल आणा." बाळाची आई बुटकी. टाचा उंचावल्या तरी तिचा हात काही वर पोचेना.

"स्टूल कशाला?" म्हातारी म्हणाली. "खालशी काप ना."

"आजी, खाली नको. डिझाइन खराब होईल."

"आमी केक आनलाय का फोटो?" म्हातारी माझ्याकडे वळली. "ताई, तुमी सांगा. तुमच्या घरातला हाय. खालशी कापू ना?"

सगळं स्टेज माझ्याकडे बघायला लागलं. केक खोटा आहे, हेच सांगायला मी कोपरीहून आले होते. तोंड उघडलं. समोर मृणाल उभी, एप्रनच्या कडेला बोटं गुंडाळत. मला दिसत होतं, मी एक वाक्य बोलले की हिच्याकडे या भागातून परत कुणी केक मागणार नाही. दुकानदार, वाढपी, नवऱ्या मुलाचे वडील, कुणापुढे न अडलेली माझी जीभ. ती तिथे अडली.

"आजी, त्यांना नका विचारू." मृणाल पुढे आली. "केक मी केलाय. आत काठ्या आहेत, वरचे मजले पडणार नाहीत. कुठूनही कापा."

निनादचा चेहरा उतरला. माइक तोंडापाशी आहे हे तो विसरला. "अगं, खाली थर्माकोल आहे!"

लॉनच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. वाढणारे हातात पातेलं घेऊन थांबले. शेठ उठून उभे राहिले.

म्हातारीने नात माझ्याकडे दिली. आपल्या सुनेच्या हातातली सुरी घेतली, वाकली आणि सगळ्यात खालच्या थरात दाबली. सुरी आत गेली. जात राहिली. खाली बोर्डाला टेकल्याचा बारीक आवाज आला. तिने तुकडा बाहेर काढला, तळहाताएवढा उंच, वरपासून खालपर्यंत एकसारखा पिवळा. स्वतः तोडून खाल्ला, उरलेला सुनेच्या तोंडात घातला आणि मग बोट चाटून निनादकडे बघितलं. गाव हसायला लागलं, ते थांबेचना.

गडबडीत निनाद मृणालपाशी आला. आवाज दाबून म्हणाला, "मला वेड्यात काढलंस. माझे थर्माकोल कुठे आहेत?"

मृणाल पुढचा तुकडा कापत होती. तिने मान वर केली नाही.

"तुझ्यासाठी वेगळे ठेवलेत," ती म्हणाली. "प्लेट लावू?"